धक्क्यावरची चाळीस मिनिटे

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
२९ जून

प्रिय इला,

हे पत्र मी हाताने आणि मराठीत लिहिते आहे, आणि दोन्ही गोष्टी हेतुपुरस्सर केल्या आहेत. देवनागरी वाचताना तुला वेळ लागतो. रविवारच्या मराठी शाळेत शिकलीस तशी अजूनही तू ओळीवर बोट ठेवतेस आणि जोडाक्षरापाशी थबकतेस. ईमेल पाठवली असती तर तू ती अ‍ॅशबर्नमधल्या एखाद्या मीटिंगमध्ये टेबलाखाली वाचली असतीस आणि तिसऱ्याच वाक्याला मला फोन केला असतास. मला मध्येच थांबवलेले चालत नाही, हे तुझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही. म्हणून शेवटपर्यंत वाच. फोन त्यानंतर कर.

विषय कोपनहेगनचा आहे. तुझी कॉन्फरन्स संपल्यावर मिळालेला तो एकच मोकळा दिवस. आम्हाला बोलावून घेतलेस तेव्हा तू फोनवर म्हणाली होतीस, "आई, एकच दिवस आहे, काही प्लॅन नको, नुसतं भटकू या ना." भटकण्याविषयीचे माझे मत तुला माहीत आहे, पाहायला निघालेल्या माणसाने काय पाहायचे ते आधी ठरवावे. मी तीन आठवडे वाचन केले, अंतरे मोजली, कोणते दार किती वाजता उघडते ते तपासले आणि अकरा कलमांचा कार्यक्रम तयार केला. गणेशोत्सवातल्या स्वयंसेवकांचे बिल्ले करण्यासाठी मंडळाकरिता घेतलेले लॅमिनेशनचे यंत्र घरातच होते. त्यावर तिघांसाठी तीन कार्डे केली. हॉटेलच्या नाश्त्याच्या टेबलावर तू ते कार्ड वाचलेस आणि अकराव्या कलमाशी येऊन मोठ्याने हसलीस. "पाच वीस ते सहा: बंदरावरील लाकडी धक्क्यावर बसणे. आई! तू शेड्यूलमध्ये बसणं लिहिलंयस? हू आर यू?" बाबाही हसले होते. ते कलम मी दुपारी रद्द केले. हे पत्र त्या कलमाविषयी आहे. ते पुरे करायला आता फार दिवस उरलेले नाहीत, एवढे आरंभीच सांगून ठेवते.

तो दिवस तुझ्या आणि माझ्या स्मरणात सारखा नसणार, म्हणून मी तो पुन्हा मांडते. साडेआठला आपण निघालो. राजाच्या बागेत चेस्टनटची झाडे फुलली होती आणि बाबा हात पाठीमागे बांधून आपल्यापुढे चालत होते. पूल तपासायला जाताना ते असेच चालत. रस्ता मोकळा असूनही लाल दिव्यापाशी थांबणारे ते सायकलवाले पाहून मला या देशाविषयी आदर वाटला. कोपऱ्यावरच्या बेकरीत तू वेलदोड्याचा पाव घेतलास, मला अर्धा दिलास, आणि वेलदोडा ताजा दळलेला नाही असे मी म्हणाले. तू उरलेला अर्धा बाबांना दिलास. त्यांनी तो डोळे मिटून खाल्ला.

दहाला आपण गोल मनोऱ्यापाशी होतो. मनोऱ्याच्या पोटातून वर जायला पायऱ्या नाहीत, विटांची रुंद चढण आहे. ती पांढऱ्या भिंतीला धरून फिरत फिरत वर जाते. बाबा आत शिरताक्षणी तरुण झाले. "पायऱ्याच नाहीत, इला! चार शतकांपूर्वी! वर ओझं न्यायचं तर गाडीच चढवायची, काय डोकं आहे." त्यांनी तळहात भिंतीवर टेकवला आणि वर पोहोचेपर्यंत तो काढला नाही. शेवटी गच्चीवर जाणारा जो अरुंद जिना आहे, तिथे गुडघ्याची सबब सांगून ते खिडकीच्या कोनाड्यात बसले. आपण दोघी वर गेलो. मी बारा मिनिटे दिली होती. तू लाल छपरांचे फोटो काढलेस आणि मी समुद्र कोणत्या दिशेला असावा ते नकाशावर पडताळून पाहिले. खाली आलो तेव्हा कोनाडा रिकामा होता.

त्या मनोऱ्यात एकच वाट आहे. माणूस वर जाईल किंवा खाली येईल. तिथे हरवायचे ठरवले तरी हरवणे अवघड. तू हसत म्हणालीस, "बाबा खाली गेले असतील, कंटाळले तुझ्या बारा मिनिटांना." मी हसले नाही, आणि तू माझ्याकडे पाहिलेस. मग तू धावत उतरलीस. मी मधल्या दालनात पाहिले, स्वच्छतागृहाबाहेर उभी राहून त्यांच्या नावाने हाका मारल्या. रांगेतल्या शाळकरी मुली माझ्याकडे वळून पाहू लागल्या. इतक्या वर्षांत मी परक्या ठिकाणी कधी आवाज चढवला नव्हता. पस्तीस मिनिटांनी माझा फोन वाजला. दोन गल्ल्या पलीकडच्या सायकलच्या दुकानातली बाई बोलत होती. तिच्या मागून बाबांचा आवाज येत होता. स्पष्ट, मुद्देसूद, उत्तम इंग्रजीत ते तिला समजावून सांगत होते की सायकलच्या चाकातील इतक्या बारीक तारा माणसाचा भार कसा पेलतात. त्यांचे एकही वाक्य चुकत नव्हते. आपण कोणाबरोबर आलो आहोत, एवढेच ते विसरले होते.

मी तुला पत्ता कळवला आणि तू माझ्याआधी पोहोचलीस. मी गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा मला दिसले ते असे: निळा एप्रन बांधलेल्या त्या बाईने बाबांच्या खिशातले कार्ड तुझ्या हातात दिले होते आणि तू ते उलटे करून वाचत होतीस. मग तू स्वतःच्या खिशातून तुझे कार्ड काढलेस आणि तेही उलटून पाहिलेस. ते कोरे होते. बाबांच्या कार्डाच्या मागे मी इंग्रजीत लिहिले होते: यांचे नाव चंद्रशेखर. हे वाट विसरतात. कृपया यांच्यापाशी थांबा आणि या क्रमांकावर फोन करा. खाली माझा क्रमांक, हॉटेलचे नाव आणि दोन औषधांची नावे. मी तुमच्यापर्यंत पोहोचले आणि सर्वप्रथम घड्याळात पाहिले. अकरा वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. मी म्हणाले, "चला, बाराला पहारा बदलतो." बाबांच्या खांद्याला मी हात लावला तो त्यानंतर. तुझा चेहरा मी पाहिला होता, इला. गेले सहा आठवडे तोच पाहते आहे.

राजवाड्याच्या चौकात आपण वेळेवर पोहोचलो. अस्वलाच्या केसांच्या टोप्या घातलेले ते शिपाई आले. दुसऱ्या रांगेतल्या एकाचे पाऊल चुकत होते आणि मी संपूर्ण वेळ त्याच्या बुटांकडे पाहत राहिले, कारण तुम्हा दोघांकडे पाहण्याची माझी छाती नव्हती. जेवणानंतर तो पादचाऱ्यांचा पूल आला, ज्याचे दोन भाग जहाज आले की सरकून बाजूला होतात. बाबांनी तुला कठड्यापाशी नेऊन ती रचना समजावली. तू काढलेली प्रत्येक शंका त्यांनी सोडवली. सकाळचे ते आणि दुपारचे हे एकाच माणसाच्या ठायी कसे असू शकतात, हे तुझ्या कपाळावर लिहिलेले मला दिसत होते. ते पुढे गेले तेव्हा तू मला थांबवलेस. "आई, बाबांच्या कार्डामागे ते सगळं का लिहिलंयस? माझ्या का नाही?" मी म्हणाले, "तू हरवत नाहीस म्हणून." तू म्हणालीस, "आई, प्लीज. मी सीरियसली विचारतेय. इज ही ओके?" आणि मी, जिने आयुष्यभर शब्द तोलून वापरले, तुला म्हणाले, "वर्षातून चार दिवस भेटणाऱ्या माणसांनी निदान करू नये. निदान हा माझा व्यवसाय होता, तुझा नव्हे."

तू जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढून घेतलीस. सात वर्षांची असताना रुसलीस की हेच करायचीस. मी टॅक्सी बोलावली. नववे, दहावे आणि अकरावे कलम रद्द झाले असे जाहीर केले. टॅक्सीत बाबा मला हळूच म्हणाले, "शेवटचं राहिलं ना, नीला?" मी म्हणाले, "पाऊस येईल." आकाशात एकही ढग नव्हता. तेव्हापासून तू दर रविवारी मला "ऑल ओके?" असे लिहितेस आणि मी अंगठ्याचे चित्र पाठवते. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या, दोन देशांत शिकलेल्या बाईने अंगठा दाखवून वेळ मारून न्यावी, याची मला लाज वाटते.

तर आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. तुझा तर्क बरोबर होता. बाबांना अल्झायमर आहे. रिपोर्टवर दोन वर्षांपूर्वीची तारीख आहे, आणि मला त्याच्याही एक वर्ष आधीपासून कळले होते. एका दुपारी रालेहून परत येताना आम्ही हायवेवरच्या एका पुलाखालून गेलो. हा पूल ते अकरा वर्षे स्वतः तपासत होते. त्याच्या एका खांबाला गेलेल्या तड्यापायी त्यांनी आपल्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस हुकवला होता. त्या पुलाकडे पाहून ते म्हणाले, "चांगला बांधलाय. कोणाचं काम असेल गं?" मी गाडी चालवत राहिले. एकतीस वर्षे मी मायक्रोस्कोपखाली स्लाइड पाहिल्या, त्यांत या आजाराने खाल्लेल्या मेंदूंच्याही होत्या. त्या डागांना आणि गुंतलेल्या धाग्यांना मी नावे देत असे, खाली सही करत असे आणि पुढची स्लाइड घेत असे. हा आजार मला पेशींमध्ये ओळखू येत होता. टेबलापलीकडे बसून चहा पिणारा आजार कसा दिसतो, ते मला कोणी शिकवले नव्हते.

मी कोणालाही सांगितले नाही. मराठी डॉक्टर भेटू नये म्हणून दोन तास लांबच्या गावातले क्लिनिक निवडले. तुझ्या भावाला, मिहीरलाही ठाऊक नाही. त्याला मी पुढच्या आठवड्यात कळवीन. तो बेलव्ह्यूहून पाच मिनिटांत सहा लिंक पाठवेल आणि त्या सगळ्या वाचायचे बळ मला आधी गोळा करायला हवे. मंडळात मी बाबांची वाक्ये पुरी करू लागले. कोणी त्यांना काही विचारले की उत्तर मी देत असे. संक्रांतीच्या कार्यक्रमात शोभा सगळ्यांसमोर म्हणाली, "नीलाताई, अहो बोलू द्या ना जरा चंदूभाऊंना! जन्मभर बिचाऱ्यांचं पुलांनीच काय ते ऐकून घेतलं, आता आम्हाला ऐकू द्या!" सगळे हसले. बाबाही हसले, कारण सगळे हसत होते. मीही हसले आणि पुढचा प्रश्न आला तेव्हा पुन्हा मीच उत्तर दिले. नवऱ्याला बोलू न देणारी बायको ही ख्याती मी आनंदाने पत्करली. तिच्या आड दुसरे सगळे लपत होते. ही युक्ती मला फार हुशारीची वाटली होती. तिचा परिणाम असा झाला की आता आमच्याशी कोणी फारसे बोलतच नाही.

घरी आल्यापासूनची हकीकत ऐक. बाबा कोपनहेगनहून परत आलेले नाहीत. रोज सकाळी ते दाढी करतात, त्या दिवशीचाच निळा शर्ट मागतात, खिशातले कार्ड काढून पहिले कलम वाचतात आणि बूट घालून दारात उभे राहतात. "साडेआठ झाले. उशीर तुझ्यामुळे होतोय हं, नीला, नोंद करून ठेव." हे घर त्यांना हॉटेल वाटते. नाश्ता बरा असतो, असे ते मला सांगतात. पहिले चार दिवस मी त्यांना दुरुस्त केले. आपण कॅरीत आहोत, हे आपले घर आहे, सहल संपली आहे. प्रत्येक दुरुस्तीनंतर त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती येई ती पाहून पाचव्या दिवशी मी चपला घातल्या आणि म्हणाले, "चला."

तेव्हापासून रोज सकाळी साडेतीन तासांत आम्ही सगळे कोपनहेगन पाहतो. आपल्या गल्लीच्या टोकापासून क्लबहाउसपर्यंत आणि पुढे पावसाचे पाणी साठवण्यासाठी बांधलेल्या तळ्यापर्यंत. क्लबहाउस हा राजवाडा आहे. राजा घरी असला की राजवाड्यावर निशाण चढवतात, म्हणून क्लबहाउसवर ते नसले की "राजा घरी नाही वाटतं" असे ते म्हणतात. मंगळवारी गवत कापणारे लोक येतात. एकदा ते चौघे कानांवर काळी आवरणे चढवून ट्रकपाशी ओळीने उभे होते, आणि बाबा फुटपाथवर ताठ उभे राहून त्यांची पाळी बदलेपर्यंत हलले नाहीत. त्यातल्या एकाने त्यांना सलाम केला. त्या दिवशी ते जेवले पोटभर. क्लिनिकच्या पार्किंगमध्ये गाडी गोल गोल उतरताना त्यांनी खिडकीच्या काचेला तळहात लावला आणि म्हणाले, "पायऱ्याच नाहीत, बघितलंस?"

हे सारे ऐकायला गोड वाटेल. रोज करायला ते गोड नाही. मी आखलेल्या दिवसात मीच कोंडले गेले आहे, इला. तीच कलमे, तोच क्रम, तेच विनोद, त्याच ठिकाणी थांबणे. आणि एखादे कलम चुकले की ते कार्ड पुढे करून मला जाब विचारतात. त्यांनी एकटे बाहेर पडू नये म्हणून मी सगळ्या दारांच्या मुठींवर प्लास्टिकची आवरणे बसवली. लहान मुलांसाठी मिळतात ती, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दाबल्याशिवाय न फिरणारी. गेल्या आठवड्यात एका सकाळी माझी बोटे इतकी आखडली होती की मलाच ते आवरण दाबता येईना. मी आत, दार बंद, मागे बाबा बूट घालून उभे. दहा मिनिटे मी त्या मुठीशी झगडले. मग ते पुढे आले, शांतपणे म्हणाले, "थांब, मी बघतो, ही साधी स्प्रिंग आहे," आणि त्यांनी दार उघडले. जे कुलूप मी त्यांच्यासाठी लावले होते, ते त्यांना उघडते आणि मला उघडत नाही. मी पायरीवर बसून रडले. ते शेजारी बसले आणि मला विचारू लागले की मी कोणत्या ग्रुपबरोबर आले आहे.

तळ्याकाठी एक लाकडी कट्टा आहे. समोर कारंजे, दोन-चार रानहंस, इथले कॅनडा गीज. आमचे अकरावे कलम तिथे येते आणि तिथेच अडते, कारण बाबा बसत नाहीत. ते कट्ट्यापाशी येतात, मागे वळून रस्त्याकडे पाहतात आणि विचारतात, "इला कुठेय?" मी म्हणते, "अहो, येतेय ती मागून." ते थोडा वेळ थांबतात. मग म्हणतात, "शेवटचं राहिलंच," आणि आम्ही परत फिरतो. दुसऱ्या दिवशी साडेआठला पुन्हा पहिल्या कलमापासून. सहा आठवडे झाले. त्यांचा दिवस संपत नाही, म्हणून माझाही संपत नाही. आणि तो का संपत नाही, हे मला पहिल्या सकाळपासून माहीत आहे.

अकरावे कलम माझे नव्हते. मी बसणे कधी लिहीन का? तू हसलीस तेव्हाच तुझ्या लक्षात यायला हवे होते. ज्या दिवशी आम्हाला रिपोर्ट मिळाला, त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडी सुरू करण्याआधी बाबा म्हणाले होते, "इलाला मी सांगणार. माझ्या तोंडानं. तू सांगितलंस तर रिपोर्ट वाचल्यासारखं सांगशील." मी नंतर बघू म्हणाले. तुझी नवी जागा होती, मग मिहीरचे घर बदलणे होते, मग सण होते. त्यांनी प्रत्येक वेळी विचारले आणि मी प्रत्येक वेळी तारीख पुढे ढकलली. दोन वर्षे, इला. त्या दोन वर्षांत ते तुला सगळे नीट सांगू शकले असते, तुझ्या प्रत्येक शंकेला उत्तर देऊन, त्या पुलावर दिले तसे. एप्रिलमध्ये मी दहावे कलम टाईप करत असताना ते माझ्या टेबलाशी आले. "अकरावं माझं. चाळीस मिनिटं. पाण्याजवळ. इला आणि मी. तूही बस हवं तर, पण बोलायचं नाही." त्यानंतर दोन आठवडे ते गॅरेजमध्ये गाडीत बसून मोठ्याने सराव करत होते, कारण तिथे मी त्यांचे शब्द दुरुस्त करायला नव्हते. एका कागदावर मुद्दे लिहिले होते. तो कागद मी नंतर सगळीकडे शोधला, मिळाला नाही. मिळाला असता तर मी त्यातले शुद्धलेखन तपासले असते, तेव्हा झाले ते बरेच झाले. पुलावर तू मला विचारलेस तेव्हा मला दिसले की ते सांगतील आणि तुला कळेल: ते दोन वर्षांपासून सांगू पाहत होते आणि मी त्यांना सांगू दिले नाही. मला तुझ्यापुढे उघडे पडायचे नव्हते. म्हणून मी पावसाचे निमित्त केले.

गेल्या मंगळवारी ते दिवाणखान्यातल्या तुझ्या पदवीदानाच्या फोटोपुढे उभे होते. मला म्हणाले, "ही मुलगी ओळखीची वाटते." चहा झाल्यावर म्हणाले, "इला कधी येणार?" म्हणजे तू अजून आहेस. किती दिवस असशील ते कोणी सांगू शकत नाही. मीही नाही, आणि तो माझा व्यवसाय होता.

म्हणून हे पत्र. शनिवारी, बारा जुलैला ये. साडेचार तासांचा रस्ता आहे, शुक्रवारी संध्याकाळीच निघ आणि रात्र जवळच्या एखाद्या हॉटेलात काढ. सकाळी साडेआठला ते दारात उभे असतील. तुझे कार्ड फेकून दिले असशील तर माझे सोबत पाठवते आहे. त्याच्या मागे काही लिहिलेले नाही, तू लिही. दाराची मूठ दोन्ही बाजूंनी दाब. राजा घरी आहे का विचारतील, तुला सुचेल ते सांग. तळ्यापाशी पोहोचलात की ते मागे वळून तुला शोधतील. तू शेजारीच असशील, तेव्हा बहुधा बसतील. त्यांना काय सांगायचे होते ते आता आठवेल असे मी म्हणत नाही. कदाचित ते तुला चाकाच्या तारांविषयी सांगतील. कदाचित तुला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारतील. तू ओ दे. काही दुरुस्त करू नकोस. चाळीस मिनिटे तुझी आणि त्यांची आहेत, मी त्यांच्याकडून घेतलेली, ती परत करते आहे. मी तिथे नसेन. तू दार उघडून आत आलीस की मी गॅरेजमधून बाहेर पडेन आणि तळ्याच्या उलट दिशेला चालू लागेन. हातात कागद नसेल. किती अंतर, कोणता रस्ता, काय पाहायचे, काहीही ठरवलेले नाही. तू म्हणाली होतीस तसे, नुसते भटकेन.

बारा वाजेपर्यंत घरी न परतणारी,
तुझीच आई